घरच्या अंगणांतील दुरंगी सुवासिक गुलाब

"भाऊसाहेब, जनावरांना पाणी पुरेना आणि तुम्ही तें गुलाबाला घालतां?" असा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यानें आमच्या अंगणांत उभें राहून विचारला. प्रश्न रास्त होता. आमचें राळेगणसिद्धी हें गांव पारनेर तालुक्याच्या अवर्षणग्रस्त टापूंतील. १९७५ सालीं श्री. अण्णा हजारे लष्करांतून गांवीं परतले. पुढें त्यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं बांधबंदिस्ती, नालाबंदिस्ती व पाझर तलावाचीं कामें करून पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें, आणि ऊंसासारख्या अति पाणी पिणाऱ्या पिकांना आवर घातला. अशा गांवीं शोभेच्या झाडाला पाणी घालणारानें त्याचा हिशेब देणें प्राप्तच आहे. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. सबब तो हिशेब, व त्यासोबत या झाडाच्या लागवडीचा आमचा अनुभव, वाचकबंधूंपुढें मांडीत आहों.

ज्या गुलाबाविषयीं लिहावयाचें त्याचें नांव 'डबल डिलाइट'. अमेरिकेंतील स्विम व एलिस या पैदासकारांनीं 'ग्रॅनाडा' व 'गार्डन पार्टी' या दोन जातींच्या संकरांतून तो काढला व १९७७ सालीं तो बाजारांत आला. १९८५ सालीं जागतिक गुलाब संघानें जगाच्या आवडत्या गुलाबांत त्याची गणना केली. फूल उमलतांना मलईसारखें पांढरें असून पाकळ्यांच्या कडा तांबड्या असतात. जसजसे दिवस जातात तसतशी ही लाली आंत पसरत जाते. त्यामुळें एकाच झाडावरील दोन फुलें सहसा सारखीं दिसत नाहींत. सुवास गोड व किंचित् मसाल्याचा असून तो दारांतून आंत येणाऱ्यास जागेवर थांबवितो.

हा गुलाब 'हायब्रिड टी' या वर्गांतला आहे. चीन देशांतून युरोपांत गेलेल्या कांहीं गुलाबांना चहाच्या पानासारखा वास येई, म्हणून त्यांस 'टी' म्हणत. ते पुनःपुन्हां फुलत, पण थंडीनें मरत. त्यांचा काटक जातींशीं संकर करून हा वर्ग निपजला. फ्रान्समधील गियो यांचा १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा या वर्गांतील पहिला गुलाब मानतात. गुलाब हा रिकामटेकड्यांचा नाद आहे, असें म्हणणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या डॉ. बी. पी. पाल यांनीं तांबेऱ्यास दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती काढल्या, त्यांनींच गुलाबाच्याहि अनेक जाती निर्माण केल्या.

आतां आमच्या दोन चुका प्रथम सांगतों. कारण लागवडीचें बहुतेक शिक्षण त्यांतूनच झालें. पहिलें झाड आम्हीं न्हाणीच्या मोरीजवळ लाविलें. रोज ओल राहील, निराळें पाणी घालावयास नको, हा हेतु. माती काळी व चिकण. श्रावणांत पानें पिवळीं पडून गळालीं. झाड उपटून पाहिलें, तों मुळें काळीं पडून कुजलेलीं! मुळांना पाण्याइतकीच हवाहि लागते. मातींतील सर्व पोकळी पाण्यानें भरून राहिली कीं तीं गुदमरतात. कांद्याच्या वाफ्यांत पाणी सांचलें तर काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको.

दुसरें झाड उंचावर लाविलें. तें तग धरून राहिलें, आणि वर्षभरानें त्याच्या बुडाशीं लांबलचक, जोमदार फोक निघाले. आम्ही ते मोठ्या अभिमानानें येणाराजाणारास दाखवीत असूं. पुढें त्यांवर बारीक, पांढुरक्या फुलांचे घोस आले; आणि मूळ गुलाब मात्र वाळत गेला. रोपवाटिकेनें फसविलें, असा आम्हीं बोभाटा केला. पण चूक आमचीच होती. विकतचें रोप हें बहुधा डोळा भरलेलें असतें. खालीं जंगली गुलाबाचा खुंट व वर इच्छिलेल्या जातीचा डोळा. भरलेल्या डोळ्याच्या सांध्याखालून जो फुटवा येतो तो खुंटाचा, आणि तोच सारें अन्न खाऊन टाकतो. असा फुटवा दिसतांच माती उकरून, तो जेथून निघाला तेथूनच ओढून काढावा. वरच्यावर कापल्यास एकाचे चार होतात.

जागा निवडतांना या जातीचें एक वैशिष्ट्य लक्षांत ठेवावें. पाकळ्यांवरील लाली सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांच्या योगें चढते. कांचेखालीं किंवा दाट सावलींत वाढविलेल्या झाडाचीं फुलें फिकीं येतात. तेव्हां आपल्याकडे जें फुकट व मुबलक आहे, तें ऊनच या गुलाबाचा रंग होय. दिवसांतून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. सकाळचें ऊन पूर्ण व चैत्र-वैशाखांत तिसऱ्या प्रहरीं भिंतीची सावली मिळाल्यास उत्तम.

खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल घेऊन पंधरा दिवस उन्हांत तापूं द्यावा. काळ्या जमिनींत तळाशीं मुरूम घालावा. नंतर चांगलें कुजलेलें शेणखत दोन पाट्या, निंबोळी पेंड पाव किलो व मूठभर सुपर फॉस्फेट पोयट्याच्या मातींत मिसळून खड्डा जमिनीपेक्षां चार बोटें उंच भरावा. कच्चें शेण घातल्यास वाळवी व हुमणी यांस आमंत्रण होतें. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनांत, लागवड करावी. डोळ्याचा सांधा मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवावें.

आतां पाण्याचा जमाखर्च. आमच्याकडे तीन झाडें आहेत. हिवाळ्यांत दर चौथ्या दिवशीं प्रत्येकास दहा लिटरची एक बादली. उन्हाळ्यांत दिवसाआड एक. म्हणजे भर उन्हाळ्यांत तीन झाडांस मिळून रोजचें पंधरा लिटर. एक दुभती म्हैस त्या दिवसांत साठ-सत्तर लिटर सहज पिते. आमचे पंधरा लिटर भाजी, तांदूळ व फळें धुतलेल्या पाण्यांतूनच निघतात. साबण किंवा धुण्याचा सोडा मिसळलेलें पाणी मात्र घालूं नये. त्यांतील सोडियमनें काळी माती घट्ट बसते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून निघणारें टाकाऊ पाणीहि क्षारयुक्त असल्यानें वर्ज्य करावें. बुडाभोंवतीं पाचट किंवा वाळल्या पानांचें तीन बोटें जाड आच्छादन घातलें कीं ओल टिकते. तें खोडास चिकटूं मात्र देऊं नये. बोटभर खोल माती कोरडी लागल्याशिवाय पुढची बादली ओतावयाची नाहीं, हा नियम आम्ही पाळतों.

मुख्य छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास, पाऊस पूर्ण थांबल्यावर करावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढून चार-पांच जोमदार फांद्या दीड फुटावर राखाव्या. काप धारदार कात्रीनें, बाहेरच्या अंगास असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा द्यावा व त्यावर बोर्डो मलम लावावें. नाहींतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खालीं वाळत येते. छाटणीनंतर शेणखताची एक पाटी द्यावी. सुमारें सात आठवड्यांनीं फुलें येऊं लागतात.

रोगांपैकीं भुरीची या जातीस विशेष बाधा होते. द्राक्षवाल्यांस ती परिचितच आहे. झाडें दाट लावूं नयेत व सायंकाळीं पानें भिजवूं नयेत. रोग दिसल्यास पाण्यांत विरघळणारें गंधक लिटरला दोन ग्रॅम याप्रमाणें सकाळीं फवारावें. कडक उन्हांत फवारल्यास पानें करपतात. पावसाळ्यांत काळे ठिपके पडलेलीं पानें वेंचून जाळावीं. शेजारीं कांदा निघाला कीं त्यावरचे फुलकिडे गुलाबाच्या कळींत शिरतात, आणि पांढऱ्या पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. अशा वेळीं पांच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतरानें दोन-तीनदां फवारावा. चुनखडीच्या जमिनींत शिरा हिरव्या राहून कोंवळीं पानें पिवळीं पडतात; तो लोहाचा तुटवडा असून हिराकसाच्या सौम्य फवारणीनें भरून निघतो.

फूल सकाळीं लवकर, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटतांच तोडावें. सुवासाचें तेल उडून जाणारें असल्यामुळें दुपारच्या उन्हांत वास उणा होतो. लांब देंठाच्या लोभानें फांदी बुडापर्यंत कापूं नये; खालीं पांच पर्णिकांचीं निदान दोन पानें राखावीं, त्यांच्या बेचक्यांतूनच पुढची कळी येते.

आमच्या शेजाऱ्यांना आम्हीं हा सारा हिशेब तोंडी सांगितला. ते कांहीं बोलले नाहींत. एक फूल हातांत घेऊन घरीं गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं येऊन विचारूं लागले, "डोळा भरावयाचा कोणत्या महिन्यांत?" आम्हीं सांगितलें, पौष-माघांत, तोंवर पेन्सिलीएवढा जाड खुंट तयार ठेवावा. त्यांच्या गोठ्याच्या पूर्वेस आतां एक झाड आहे, आणि म्हशीच्या पाण्यांत कांहीं कमी पडलेलें नाहीं. भारी काळ्या जमिनींत ज्या वाचकांनीं ही जात यशस्वी केली असेल, त्यांनीं निचऱ्याची काय व्यवस्था केली तें या मासिकांत अवश्य लिहावें.