टोपीवरील शिडी

पौष महिना होता. आर्णीच्या शिवारात कापसाची वेचणी चालू होती आणि पहाटे अरुणावतीच्या पात्रावरून बोचरा वारा येई. अशा एका सकाळी सातवीतील एक विद्यार्थिनी हातात लहानशी टोपी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या धाकट्या भावाचे बारसे चार दिवसांवर आले होते.

टोपी मऊ सुती दोऱ्याची होती. पांढऱ्या रंगावर निळे पट्टे. बाळाच्या कोवळ्या डोक्याला शिवण टोचू नये म्हणून तिने ती सुयांवर गोल विणली होती. तरीही तीन ठिकाणी सैल टाक्यांची एकेक उभी रेघ खालपासून वरपर्यंत गेलेली दिसे. जणू तीन लहान शिड्याच! शिवाय एका जागी प्रत्येक पट्ट्याची दोन टोके एकमेकांस चुकवून गेली होती.

"गुरुजी, दोनदा उसवली. दोरा ओढून ओढून विणते, तरी असेच होते," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी पडलो मराठीचा शिक्षक. सैल वाक्य आवळणे मला जमते, सैल टाका नव्हे. मी तिला घरी नेले. माझ्या पत्नीने टोपी उजेडात धरली आणि म्हटले, "बाळ, चूक तुझ्या हाताची नाही, कोपऱ्याची आहे."

मुलांनो, गोल टोपीला कोपरा कोठून आला? गोल विणताना टाके तीन सुयांवर वाटून घेतात आणि चौथ्या सुईने विणतात. त्या तीन सुयांचा त्रिकोण होतो. सुईच्या मध्यभागी टाके एकमेकांस बिलगून असतात. परंतु एका सुईवरून दुसरीवर जाताना दोन टाक्यांमधील दोरा किंचित लांब राहतो. प्रत्येक फेरात हे त्याच जागी घडते आणि त्या लांब दोऱ्यांची शिडी होते. लोकर लवचीक असते. धुतल्यावर तिच्यातील सैलपणा बराचसा आजूबाजूच्या टाक्यांत वाटला जातो. सुती दोऱ्याला ती लवचिकता नाही, म्हणून त्यात शिडी अधिक उठून दिसते.

नव्या सुईवरील पहिला टाका सारेच जण आवळतात. पण पुढील टाका घालताना तो पुन्हा ढिला पडतो. दुसरा टाका घालून मग दोरा ओढला, म्हणजे पहिलाही जागच्या जागी बसतो. याहून खात्रीचा उपाय कोपराच हलता ठेवण्याचा. प्रत्येक सुईच्या शेवटी पुढल्या सुईवरील दोन टाके अधिक विणून घ्यावेत. मग सैल जागा दर फेराला पुढे सरकते आणि शिडीला पायरीवर पायरी मिळत नाही. मात्र फेर कोठे सुरू झाला हे कळावे म्हणून तेथे रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. नाहीतर सगळाच घोटाळा!

पट्ट्यांचा दोष निराळा. गोल विणीतील फेर हे खरोखरीचे वर्तुळ नसतेच. मळसूत्राप्रमाणे तो चढत जातो आणि त्याचा शेवट आरंभाच्या एक टाका वर येतो. एकाच रंगात हे लक्षात येत नाही. रंग बदलला की पायरी दिसते. यासाठी नव्या रंगाचा पहिला फेर नेहमीप्रमाणे विणावा. दुसऱ्या फेराच्या आरंभी, पहिल्या टाक्याच्या खाली असलेला जुन्या रंगाचा टाका सुईवर उचलून दोन्ही मिळून एकच टाका विणावा. पायरी नाहीशी होत नाही, पण सहज दिसेनाशी होते.

यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. पण त्यावर सपाट कापड निघे आणि मोज्याला मागे शिवण घालावी लागे. पुढे 1816 मध्ये मार्क ब्रुनेल याने गोल विणणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा बनियनांना कुशीला शिवण नसते, ती अशाच गोल यंत्रांमुळे. त्या यंत्रात सुया वर्तुळात उभ्या असतात; कोपरा नाही, म्हणून शिडीही नाही. मळसूत्र मात्र तेथेही आहेच.

टोपी तिसऱ्यांदा उसवली गेली. तीन संध्याकाळी ती मुलगी आमच्या ओसरीवर कंदिलाजवळ बसून विणत होती. बारशाच्या दिवशी पाळण्यातील बाळाच्या डोक्यावर ती टोपी मी पाहिली. शिडी कोठेच नव्हती. पट्ट्यांची पायरी शोधण्यासाठी मला चष्मा लावावा लागला.