बुडविलेल्या जहाजाची कृत्रिम भित्तिका : 'ओरिस्कनी'च्या निमित्ताने

जहाज बुडणे ही सामान्यतः आपत्ती मानली जाते. तथापि सेवेतून निवृत्त झालेली जहाजे साफ करून, जागा निश्चित करून जाणीवपूर्वक बुडविण्याची पद्धती गेल्या काही दशकांत अनेक सागरी देशांत रूढ झाली आहे. मासळीला आसरा मिळावा, स्कूबा डायव्हिंगसाठी नवे स्थळ निर्माण व्हावे आणि जुने जहाज मोडीत काढण्याच्या कटकटीतून सुटका व्हावी, असे तिहेरी प्रयोजन त्यामागे असते. यांपैकी तिसरे प्रयोजन सहसा शेवटी सांगितले जाते. प्रत्यक्ष निर्णयात मात्र त्याचे वजन कमी नसते. अमेरिकेच्या 'ओरिस्कनी' या विमानवाहू नौकेचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे.

'भित्तिका' या संज्ञेविषयी प्रथम थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतून अशा जहाजास सरसकट 'कृत्रिम प्रवाळ' म्हटले जाते. वास्तविक येथे प्रवाळ असलेच पाहिजे असे नाही. सागरतळावर उंचवटा निर्माण करणारा कोणताही कठीण पृष्ठभाग हा भित्तिकेचे कार्य करू शकतो. मेक्सिकोच्या आखातातील फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यालगतचा तळ बहुतांशी सपाट व वाळूचा आहे. अशा तळावर चिकटून राहणाऱ्या जीवांना आधार नसतो. तेथे पोलादी सांगाडा ठेवल्यास प्रथम त्यावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर जमतो. त्यामागून शैवाल, बार्नेकल, शिंपले, स्पंज आदी जीव वस्ती करतात. लहान मासे आसऱ्याला आणि मोठे मासे लहान माशांच्या मागे येतात.

'ओरिस्कनी' १९५० मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली. कोरिया व व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत तिने भाग घेतला. ऑक्टोबर १९६६ मध्ये तिच्यावर लागलेल्या आगीत ४४ जण मृत्युमुखी पडले. १९७६ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली. नव्वदच्या दशकात ती भंगारासाठी विकण्यात आली. परंतु खरेदीदाराकडून काम पार न पडल्याने नौदलाला ती परत घ्यावी लागली. अखेरीस १७ मे २००६ रोजी पेन्साकोलापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर स्फोटकांच्या साह्याने तिला जलसमाधी देण्यात आली. २७० मीटरांहून अधिक लांबीची ही नौका अवघ्या ३७ मिनिटांत बुडाली आणि सुमारे ६५ मीटर खोलीवर सरळ उभी राहिली. भित्तिकेसाठी बुडविलेले ते तोवरचे सर्वांत मोठे जहाज होते.

जहाज सरळ उभे राहणे ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. फ्लोरिडातीलच 'स्पीगेल ग्रोव्ह' हे जहाज २००२ मध्ये नियोजित वेळेपूर्वीच बुडू लागले, उलटे झाले आणि शेवटी कुशीवर विसावले. पुढे २००५ मधील 'डेनिस' या चक्रीवादळाने ते सरळ केले! 'ओरिस्कनी'लाही २००८ च्या 'गुस्ताव्ह' वादळानंतर सुमारे ३ मीटर अधिक खोली प्राप्त झाली.

ही ३ मीटरची वाढ किरकोळ नव्हे. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो; म्हणजे ४० मीटरवर पाणबुड्याच्या शरीरावर पृष्ठभागाच्या पाचपट दाब असतो. पाणबुडा सभोवतालच्या दाबाचीच हवा श्वासावाटे घेत असल्याने सिलिंडरमधील हवाही पाचपट वेगाने संपते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या व्यक्तीस तेथे १०० लिटर लागते. ११ लिटर क्षमतेच्या, २०० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. म्हणजे हिशेबाने २२ मिनिटे. यातूनच उतरणे, सावकाश वर येणे, ५ मीटरवर सुरक्षेसाठी थांबणे आणि अडचणीसाठी राखीव साठा ठेवणे हे सारे भागवावयाचे असते. शिवाय ३० मीटरच्या पुढे नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते व निर्णयशक्ती मंदावते. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानली जाते, ती या कारणांमुळेच.

'ओरिस्कनी'चा मनोरा सुमारे २५ मीटरवर सुरू होतो; तो प्रशिक्षित हौशी पाणबुड्यांच्या आवाक्यात आहे. विमाने उतरण्याची तक्तपोशी मात्र वादळापूर्वीही ४० मीटरच्या सीमेवरच होती, आता ती स्पष्टपणे पलीकडे गेली आहे. त्याखालील भागासाठी हेलियममिश्रित वायू, स्वतंत्र प्रशिक्षण आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याचे काटेकोर वेळापत्रक लागते. नौकेच्या अंतर्भागात शिरणे तर सर्वांत जोखमीचे असते. थेट वर येण्याची वाट तेथे नसते आणि पायांतील पंखांच्या एका फटकाऱ्याने उठलेल्या गाळात दिशा हरवते. म्हणूनच मार्गदर्शक दोरी सोडत जाणे आणि एक-तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक-तृतीयांश येण्यासाठी व उरलेली राखीव ठेवणे, हा नियम पाळला जातो. २००७ मध्ये 'स्पीगेल ग्रोव्ह'च्या अंतर्भागात शिरलेल्या तीन पाणबुड्यांचा मृत्यू झाला.

पर्यावरणाच्या बाजूने 'ओरिस्कनी'ने अधिक कठीण प्रश्न उभा केला. तेल, सुटे ॲस्बेस्टॉस, रंगाचे निखळणारे थर काढता येतात. परंतु जुन्या नौकांतील विद्युत तारांच्या आवरणात पीसीबी हे दीर्घकाळ टिकणारे, मेदात साठणारे विषारी रसायन असते. ते पूर्णतः काढावयाचे तर नौका जवळजवळ मोडावीच लागते. नौदलाने साफसफाई व बुडविण्यावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. तरीही ३०० किलोंहून अधिक पीसीबी नौकेतच राहिले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जोखमीचे मूल्यमापन करून २००६ मध्ये त्यास परवानगी दिली. त्यानंतर पहिल्या काही वर्षांत तेथे पकडलेल्या काही माशांत पीसीबीचे प्रमाण तपासणीच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पुढील नमुन्यांत ते घटत गेले. पीसीबी असण्याचा संभव असलेली, १९८५ पूर्वी बांधलेली जहाजे भित्तिकेसाठी देणे तेथील सागरी प्रशासनाने २०१२ मध्ये थांबविले. अर्थात हा निर्णय त्या प्रशासनाच्या ताब्यातील जहाजांपुरता होता. १९५२ चे, 'ओरिस्कनी'हूनही लांब असे 'एसएस युनायटेड स्टेट्स' हे प्रवासी जहाज फ्लोरिडातील एका काउंटीने याच हेतूने २०२४ मध्ये विकत घेतले.

दुसरा वाद मासळीचा आहे. भित्तिकेभोवती मासे दाटीने दिसतात, हे निर्विवाद. पण ते नव्याने वाढलेले असतात की आसपासच्या पाण्यातून तेथे ओढले गेलेले असतात? जेम्स बोनसॅक यांनी १९८९ मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. त्याचे उत्तर माशाच्या जातीनुसार व स्थळानुसार बदलते. जेथे आसऱ्याचीच टंचाई आहे आणि मासेमारीवर निर्बंध आहेत, तेथे उत्पादन वाढण्याचा संभव अधिक. उलट, ओढून आणलेले मासे एकाच जागी गळाला लागू लागले, तर भित्तिका मत्स्यसाठा घटविण्याचेच साधन ठरते. पाणबुड्यांनी काढलेली मनोहर छायाचित्रे या प्रश्नाचा निकाल लावू शकत नाहीत.

महाराष्ट्रात हा विषय आता केवळ वाचनापुरता राहिलेला नाही. तारकर्ली-मालवण परिसरात स्कूबा पर्यटन रुजले आहे. भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही सुमारे ८० मीटर लांबीची नौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली, ती सिंधुदुर्गातील निवती परिसरात सागरतळावरील संग्रहालय व कृत्रिम भित्तिका साकारण्यासाठी. फ्लोरिडाचा वाळूचा तळ आणि निवतीचा खडपाळ परिसर यांत मूलभूत फरक आहे. निवतीच्या आसपास नैसर्गिक खडक आहेतच. त्यामुळे नव्या पृष्ठभागाची भर किती, याचा हिशेब तेथे वेगळा मांडावा लागतो. पावसाळ्यातील गढूळ पाणी व उसळता समुद्र यांमुळे डायव्हिंगचा हंगामही मर्यादित राहतो. पारंपरिक मच्छीमारांच्या जाळ्यांचे क्षेत्र, नौका बुडण्यापूर्वीची मासळीची नोंद आणि नंतरच्या नोंदींची सलगता या तीन बाबी स्थानिक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हाताळता येण्याजोग्या आहेत. मात्र बुडविण्यापूर्वीची नोंद नंतर घेता येत नाही.