पाळकाचा निरोप आणि मंडळीचा संसार

परभणी जिल्ह्याचे नाव काढले की मराठी माणसाला गंगाखेडची जनाबाई आठवते, गोदेच्या काठच्या काळ्या रानातील ज्वारी आणि कापूस आठवतो, परभणी शहरातील तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस आठवतो. परंतु याच जिल्ह्यात दर रविवारी सकाळी पेटी-तबल्याच्या साथीने मराठीत भजने गाणारी, मराठीत प्रार्थना करणारी आणि मराठीतच आपल्या मृतांना मूठमाती देणारी ख्रिस्ती मंडळी नांदत आहे, याची खबर शेजारच्या गल्लीलाही पुष्कळदा नसते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे साऱ्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाच्या किंचित आत भरते, आणि मुंबई-वसईचा किनारा सोडून मराठवाड्याच्या पठारावर यावे तो ते कितीतरी विरळ होते.

अशा लहान समाजात पाळक निवृत्त होतो, त्या रविवारी बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ते एखाद्या कचेरीतील निरोपसमारंभासारखेच असते. मंदिरासमोर मंडप पडलेला असतो. शाल, हार आणि चौकटीत बसविलेले मानपत्र यांची सिद्धता झालेली असते. परगावी नोकरीस गेलेली मुले सहकुटुंब आलेली असतात. तरुण संघाने एक गीत बसविलेले असते आणि शब्बाथ शाळेच्या मुलांना कोठे उभे करावे याविषयी वडील मंडळींचा विचारविनिमय चाललेला असतो. परंतु कारकून निवृत्त होतो तेव्हा दफ्तर मागे राहते आणि माणूस घरी जातो. पाळक निवृत्त होतो तेव्हा कुणाचा विवाह कसा जुळला, कुणाचे भांडण कोणत्या रात्री मिटले, कोणत्या मातेने आपल्या मुलासाठी काय मागणे मागितले, हे सारे ज्याच्या स्मरणात जमा आहे असा साक्षीदार मंडळीतून उठून जातो. म्हणून या निरोपात गौरवाचा भाग मला दुय्यम वाटतो. इतकी वर्षे एका माणसाच्या हाती सोपविलेली वस्तू मंडळी पुन्हा स्वतःच्या हाती कशी घेते, हे पाहण्यासारखे असते.

मराठवाड्यातील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा उगम शोधू गेल्यास आपण परभणीच्या शेजारी जालन्यास जाऊन पोहोचतो. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकलेले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ निजामाच्या मुलखात आले, सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीच्या अमदानीत त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली, आणि तेथे बेथेल नावाचे गाव वसवून गावकुसाबाहेर जन्म गेलेल्या कुटुंबांना, विशेषतः मातंग समाजातील लोकांना, शेत, शाळा आणि मंदिर यांच्या आश्रयास आणले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे घातलेला हा मराठी पाळक बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याची कीर्ती दोन खंडांत पसरली. पुढे १८९१ साली परदेशच्या प्रवासात, समुद्रावर असतानाच, त्यांना मृत्यू आला. ज्या मंडळीला त्यांनी आकार दिला तिला त्यांच्या खांद्यावर निरोपाची शाल घालण्याचा योग लाभला नाही. तरीही जालन्याची मंडळी राहिली, वाढली, आणि त्या परिसरातील ख्रिस्ती जीवनाचे ठाणे होऊन बसली. पाळकाच्या कार्याची याहून खरी परीक्षा दुसरी नसावी.

मंडळीचा पाळक कोण असावा आणि त्याला पोसावे कुणी, हा प्रश्न त्याच काळात अहमदनगरासही पडला होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली नगरास स्थिरावले. परंतु मराठी माणसाच्या हाती मंडळीचे पाळकत्व सोपविण्यास १८५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत विनायक मोडक यांना दीक्षा मिळाली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते, आणि मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा व आपला प्रसार आपण करावा, असा त्यांचा ठाम आग्रह होता. ऐकावयास हा विचार सोपा वाटतो. पण दुष्काळाने गांजलेल्या शेतमजुराच्या घरातून आण्या-दोन आण्यांची वर्गणी निघून त्यातून पाळकाचा मुशाहिरा उभा राहणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. ती वर्गणी देऊ लागल्या दिवसापासून पाळक मिशनचा नोकर राहिला नाही, तो मंडळीचा झाला. आणि मंडळीचा झाला म्हणूनच त्याला निरोप देण्याचा अधिकारही मंडळीकडे आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त होऊन 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा पगाराचे हे बंधनच त्यांच्या मनाला टोचत होते.

पुढे या निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येत गेल्या. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १९२४ साली ऐक्य केले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. तेव्हापासून अशा मंडळीतील पाळकाची नेमणूक, बदली आणि निवृत्ती बिशपांच्या हुकुमाने होते, परंतु त्याच्या निर्वाहाचा भार बव्हंशी मंडळीवरच राहतो. ही व्यवस्था वाचकाने ध्यानात घ्यावी, कारण पाळक आणि मंडळी यांच्या नात्यातील सारा गोडवा आणि सारा ताण तिच्यातूनच उपजतो.

मंडळीचा हा संसार कसा चालतो ते पाहावयाचे असल्यास कापणीच्या सणाला जावे. सुगी घरात आली की एका रविवारी उपासनेच्या वेळी वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, कोंबड्या, अंडी, घरी केलेली लोणची असे ज्याला जे जमेल ते येऊन पडते, आणि उपासना संपली की त्याच वस्तूंचा लिलाव पुकारला जातो. त्या लिलावात बाजारभाव चालत नाही. एका म्हातारीने आणलेला भोपळा चढत्या बोलीने दहा हातांतून फिरतो, घेणारा तो पुन्हा मंडळीस अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, आणि जमाखर्चाच्या वहीत त्या एका भोपळ्याच्या नावावर चार-पाचदा जमा पडते. गरिबाच्या देणगीची किंमत सर्वांनी मिळून वाढवावी, अशी ही रीत आहे. आणि ज्यांचे बालपण मराठी मंडळीत गेले त्यांना नाताळइतकाच हा लिलाव आठवतो.

पाळकाचे काम उपदेशापुरते असते हा समज मात्र चुकीचा आहे. रविवारची उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, दृढीकरण, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, घरोघरच्या प्रार्थनासभा, आणि मर्तिकाची खबर आली की वेळ-अवेळ न पाहता निघणे, हे त्याचे नित्यकर्म होय. खेड्यांत दोन-चार घरेच असतात, एका पाळकाकडे अनेक गावे येतात, आणि त्याचा अर्धा दिवस रस्त्यात जातो. शिवाय तो कायद्याचाही माणूस असतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये विवाह लावण्याचा अधिकार असलेल्या धर्मसेवकाने नियोजित विवाहाची सूचना जाहीर करावी, सर्वसाधारणतः सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळातच विवाह लावावा, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि नोंदवही जपून ठेवावी, असा दंडक आहे. ज्या घराण्याकडे जमिनीचा सातबारा नाही, वंशावळ लिहून ठेवणारा भाट नाही, त्याच्या आजोबा-पणजोबांची लेखी खूण पुष्कळदा मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीतच सापडते. पासपोर्टासाठी, शाळेतील जन्मतारखेसाठी, वारसाच्या तंट्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली नातवंडे परत येऊन त्या वहीची नक्कल मागतात.

म्हणून निरोपाच्या समारंभाआधी, बहुतेकांच्या दृष्टीआड, ताबा देण्याघेण्याचे काम चालते, आणि मला ते समारंभाहून अधिक गंभीर वाटते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, कीर्द आणि पावतीपुस्तके, प्रभुभोजनाचे प्याले, मंदिराच्या व दफनभूमीच्या जागेचे दस्तऐवज, घंटेपासून सतरंज्यांपर्यंत जंगम मालाची यादी, हे सारे पंचांसमोर मोजून फर्दीवर सह्या होतात. शास्त्रात या कृत्याला मोठा आधार आहे. जुन्या करारातील शमुवेल वृद्ध झाला तेव्हा त्याने सर्व लोकांना जमवून, मी कुणाचा बैल नेला काय, कुणाचे गाढव नेले काय, कुणावर जुलूम केला वा कुणाकडून लाच घेतली काय, असे राजासमक्ष विचारले, आणि लोकांनी नाही म्हटल्यावर देवाला साक्षी ठेवले. सत्तेवरून उतरणाऱ्या माणसाने आपणहून लोकांना तक्रारीची संधी द्यावी, हा त्या कथेचा अर्थ माझ्या मते आजच्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेने घ्यावा असा आहे. मंडळ्यांच्या स्थावर मिळकतींवरून देशभर कज्जे चाललेले असताना ज्या पाळकाची फर्द स्वच्छ निघते त्याला वेगळ्या मानपत्राची गरज उरत नाही.

मानपत्रात पाळकाच्या नावासोबत एक वाक्य पाळकीणबाईंसाठी असते. ते एका वाक्यावर भागते याचे मला वाईट वाटते. पाळकाच्या घराचे दार कधी बंद नसते, आणि ते उघडे ठेवण्याचे श्रम तिचे असतात. महिलांची सभा ती चालविते, शब्बाथ शाळेतील मुलांची भूक ती ओळखते, सासरी छळ होणाऱ्या मुलीचे पहिले बोलणे तिच्या स्वयंपाकघरात होते, आणि यांपैकी कशाचाही मुशाहिरा तिला नसतो. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली नसती, तर टिळकांच्या घरात परक्यांची पोरे कशी वाढली, फिरत्या संसाराची ओढाताण कशी सोसली गेली, हे पाळकाच्या चरित्रकारांनी कदाचित दोन ओळींत आटोपले असते. निरोपाच्या दिवशी मंडळीतील स्त्रिया तिच्याभोवती जमतात आणि व्यासपीठावरील भाषणे चालू असतानाच मागच्या बाजूस आपला वेगळा निरोप उरकून घेतात. खरे बोलणे पुष्कळदा तेथेच होते.

यानंतर येतो घराचा प्रश्न. रोमन कॅथलिक फादरांची गोष्ट निराळी असते; परभणी ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येते तेथील फादर अविवाहित असल्यामुळे, आणि पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली की राजीनामा सादर करावा असा त्यांच्या मंडळीचा विश्वव्यापी नियम असल्यामुळे, उतारवयात त्यांचा सांभाळ धर्मप्रांत करतो. प्रोटेस्टंट पाळक प्रापंचिक माणूस. त्याने आयुष्य मंडळीच्या बंगल्यात काढलेले असते, बदलीगणिक मुलांच्या शाळा बदललेल्या असतात, आणि तुटपुंज्या वेतनातून स्वतःचे छप्पर उभारणे त्याला क्वचितच साधते; नव्या पाळकासाठी बंगला मोकळा करण्याची तारीख मात्र ठरलेली असते. शाल आणि पुष्पहार यांवर जो खर्च होतो तो दहा वर्षे आधीपासून दरसाल थोडाथोडा पाळकाच्या घरासाठी बाजूस टाकला, तर निरोप अधिक भारदस्त होईल. काही ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीची तजवीज असते, पण निधी आणि घर यांत अंतर फार आहे, आणि हे अंतर तोडण्याची जबाबदारी मंडळीने आपली मानली पाहिजे.

घराइतकीच अवघड गोष्ट पाळकाच्या बाजूस असते. निवृत्त पाळकाने आपल्या जुन्या मंडळीत नव्या पाळकाच्या निमंत्रणावाचून विवाह लावू नये, बाप्तिस्मा देऊ नये, तंट्यात सल्ला देऊ नये, असा पाश्चात्त्य आणि आपल्याकडील बहुतेक मंडळ्यांत संकेत आहे. ज्या मुलीला त्याने बाप्तिस्मा दिला, दृढीकरणासाठी शिकविले, तिच्या लग्नात त्याने पाहुण्यांच्या रांगेत बसावे, हे त्या कुटुंबाला कठोर वाटते. ते आर्जव करतात, कधी रुसतात. तरीही हा नियम शहाणा आहे, कारण जुना पाळक दारात उभा असेल तोवर नव्याला कुणी घरात घेत नाही. प्रेषित पौलाने मिलेतास इफिसच्या वडिलांना बोलावून घेतले, आपण कुणाच्या सोन्याचा, रुप्याचा वा वस्त्राचा लोभ धरला नाही आणि आपल्या हातांनी कष्ट करून गरजा भागविल्या असे त्यांना सांगितले, कळपाची राखण त्यांच्यावर सोपविली, आणि ते गळ्यात पडून रडत असताना गलबतावर चढला. तो जे सांगून गेला ते वडिलांना उद्देशून होते. पुढचा कारभार त्यांनी चालवावयाचा होता.

आजही ते तसेच घडते. जुना पाळक जातो आणि नवा हुकूम लागलीच निघतो असे नाही; मधे काही आठवडे, कधी महिने, मंडळी पाळकावाचून असते. त्या मुदतीत वडील आणि पंच आळीपाळीने उपासना चालवितात, शिक्षकाची नोकरी करणारा कुणी शास्त्रवाचन व उपदेश करतो, स्त्रिया टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची भजने निवडून ठेवतात. प्रभुभोजनासाठी मात्र दुसऱ्या गावचा पाळक यावा लागतो. म्हणून निरोपाची उपासना आशीर्वादाने संपली आणि पंगतीसाठी पाने मांडू लागले की चिटणीस पुन्हा उभे राहून सूचना वाचतात: पुढच्या रविवारची उपासना नेहमीच्या वेळी होईल, उपदेश कोण करणार, आजारी असलेल्यांकडे कोणत्या दिवशी कोणी जावयाचे, बुधवारची प्रार्थनासभा कुणाच्या घरी, आणि प्रभुभोजनाची तारीख पाहुण्या पाळकांचे पत्र आल्यावर कळविण्यात येईल.