क्रॉलरचं पोट आणि पनवेलचा कातळ

आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर दगड चढणारी छोटी गाडी, चालवायला पनवेलकरांना दगड शोधत फिरावं लागत नाही. पाऊस सरला की गाढी नदीचं पात्र उघडं पडतं आणि गोलसर धोंडे वर येतात. खाणींच्या वाटेवर नुकतं फुटलेलं डबर सांडलेलं असतं. दोन्ही काळा कातळच, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. फरक इतकाच की धोंड्याला पाण्याने घासून गोल केलेलं असतं आणि डबराची कड हात कापेल अशी असते. या दगडांवरून अडीच-तीन किलोची, १:१० मापाची गाडी गोगलगाईच्या चालीने चढवायची, हा सगळा खेळ. त्यात सर्वांत जास्त ओरखडे खाते ती गिअरबॉक्सखालची स्किड प्लेट. तिच्याबद्दलचे समज मात्र बहुतेक दिसण्यावरून आणि किमतीवरून ठरलेले असतात.

गैरसमज : कंपनीची प्लास्टिकची स्किड कच्ची असते, ॲल्युमिनियमची लावली की काम झालं.

वस्तुस्थिती : बेसाल्ट ज्या खनिजांचा बनलेला असतो त्यांचा कठीणपणा मोह्‌ज मापावर सहाच्या आसपास येतो. ॲल्युमिनियम तीनच्याही खाली. म्हणजे दगडापुढे प्लास्टिकही हरतं आणि ॲल्युमिनियमही. मग बघायचं काय, तर ओरखडा पडल्यावर ती वस्तू कशी वागते ते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पुढची दोन्ही चाकं धोंड्याच्या पलीकडे उतरली आहेत, मागची अजून अलीकडे आहेत आणि गाडी पोटावर टेकली आहे. मागच्या चाकांनी जरासा रेटा दिला की पोट सरकायला हवं. सरकलं तर गाडी सुटली. अडकलं तर चाकं जागच्या जागी फिरतात, आपण थ्रॉटल वाढवतो आणि तो सगळा ताण ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरवर जातो. ॲल्युमिनियमवर दगडाचे कण नांगरटी करतात आणि चरीच्या दोन्ही काठांवर धातूची बारीक बर उभी राहते. पुढच्या दगडाला ती बर धरते, गाडी किर्र करते आणि थांबते. डेलरिन या प्लास्टिकवरही चरे पडतात, पण त्यांचे काठ मऊ असतात. ब्लेड आडवं धरून खरवडलं की पृष्ठभाग पुन्हा चालण्याजोगा होतो.

रंगीत ॲनोडायझिंगचा भरवसा धरणारेही भेटतात. तो थर खरंच कठीण असतो, पण साधारण १० ते २५ मायक्रॉनचा. खाली मऊ धातू, वर पापुद्रा. डबरावरच्या एका दुपारी तो निघतो.

ॲल्युमिनियम टाकाऊ मात्र नाही. अनेक मॉडेलांत अॅक्सलला धरणाऱ्या खालच्या लिंक्स स्किडलाच जोडलेल्या असतात आणि गिअरबॉक्सही तिच्यावरच बसतो. तिथे प्लेट वाकून चालत नाही. अशा गाडीत ॲल्युमिनियम वर आणि तीन मिलिमीटर डेलरिन खाली, ही जोडी उत्तम चालते. ताठपणा धातूने सांभाळायचा, घसरणं प्लास्टिकने.

गैरसमज : पितळी स्किड लावली की वजन खाली येतं आणि गाडी उलटत नाही.

वस्तुस्थिती : हिशेब करून बघू. ८० बाय ६० मिलिमीटरची, चार मिलिमीटर जाडीची प्लेट धरा. डेलरिनमध्ये ती सुमारे २७ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियममध्ये ५२ आणि पितळेत तब्बल १६३. एवढं वजन वाढवायचं तर ते योग्य जागी हवं. स्किड गाडीच्या मध्यावर असते आणि उंचीने बहुधा अॅक्सलच्या मध्याइतकी किंवा त्याहून वर. तेच पितळ पुढच्या अॅक्सलवर, नकलवर किंवा चाकाच्या आत बसवलं तर ते खरोखर खाली राहतं, स्प्रिंगवर लादलं जात नाही आणि चढावर पुढचं टोक दाबून धरतं. मधल्या पोटात ओतलेलं पितळ चढावर फारसं कामाला येत नाही, मोटरला मात्र ते प्रत्येक दगडावर उचलावं लागतं. शिवाय पितळही मऊच. ॲल्युमिनियमचे चरे त्यालाही चुकत नाहीत. पुढच्या अॅक्सलवर पितळ जरूर लावा, पोटाखाली नको.

गैरसमज : घसरायलाच हवं असेल, तर सर्वांत घसरडं तेच सर्वांत चांगलं. म्हणजे टेफ्लॉन!

वस्तुस्थिती : हा प्रयोग माणसाच्या शरीरात होऊन गेला आहे. इंग्लंडमधले अस्थिशल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉनच घेतलं होतं, कारण त्याच्याइतकं घसरडं दुसरं काही नव्हतं. काही वर्षांतच त्या वाट्या झिजल्या आणि शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ साली ते एका दाट पॉलिएथिलीनकडे वळले आणि खुब्याचं रोपण जगभर रुजलं. टेफ्लॉनइतकं घसरडं नसलेलं ते प्लास्टिक झिजेला मात्र कितीतरी पटींनी पुरून उरलं.

तेच आज यूएचएमडब्ल्यू या नावाने शीटमध्ये मिळतं. कोळसा आणि खनिज ज्या घसरगुंड्यांवरून सोडतात त्यांना आतून याचंच अस्तर लावतात. क्रॉलरच्या पोटाला याहून चिवट अस्तर सापडणं अवघड. पण ते लवचिक आहे. चार मिलिमीटरची प्लेट हाताने वाकते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते, भोकं लांबट होतात आणि गोंद तर त्याला धरतच नाही. म्हणून जाडी सहा मिलिमीटर ठेवा, स्क्रूखाली रुंद वॉशर घाला आणि लिंक्सचा भार त्याच्यावर टाकू नका.

गैरसमज : कार्बन फायबर विमानात चालतं, मग इथे का नाही?

वस्तुस्थिती : कारण विमान दगडावर पोट घासत नाही. कार्बन फायबरची प्लेट ताठ आणि हलकी असते, पण कडेवर टोला बसला की थर सुटतात आणि तंतू उघडे पडतात. चेसिसच्या बाजूच्या पट्ट्यांना ती शोभते. कानशीने घासायची तर पाणी लावून आणि मास्क घालून. तिची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. ग्लास इपॉक्सी आणि हायलम या थराथरांच्या शीट्सचीही थोडीफार हीच कथा.

गैरसमज : थ्रीडी प्रिंटरवर हवी तशी स्किड छापता येते, बाकी खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती : छापता येते आणि छापावीही, पण आधी नमुना म्हणून. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडायला लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. क्रॉलर तिथे ठेवून जेवायला गेलात तर स्किड आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहतीलच असं नाही. पीईटीजी जास्त तग धरतं, पण थर सुटण्याचा धोका राहतोच. पीएलएचा नमुना बसवून भोकं जुळतात का ते बघा आणि तोच साचा शीटवर ठेवून आखणी करा.

गैरसमज : पावसाळी हवेत नायलॉन खराब होतं.

वस्तुस्थिती : नायलॉन पाणी पितं हे खरं, नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत. त्याने ते किंचित फुगतं, ताठपणा कमी होतो, पण चिवटपणा वाढतो. उलट ठणठणीत कोरडं नायलॉनच ठिसूळपणे तुटतं. अडचण येते ती मापात बारीक बसवलेल्या भोकांची. डेलरिन पूर्ण भिजूनही टक्काभरच पाणी घेतं, म्हणून कोकणच्या हवेत माप सांभाळायला तेच बरं.

गैरसमज : दुकानात डेलरिन मागितलं की डेलरिनच मिळतं.

वस्तुस्थिती : मुंबईत नागदेवीच्या बाजारात किंवा तळोजा एमआयडीसीच्या आसपास कापून उरलेले तुकडे घेताना पांढरी शीट म्हणजे काहीही असू शकते. डेलरिन हे ड्यूपॉन्टने १९६० च्या सुमारास बाजारात आणलेलं ॲसिटल. त्याच नावाने दुसऱ्या कंपन्यांचं ॲसिटलही विकलं जातं. स्किडपुरता त्याने फरक पडत नाही. डेलरिन म्हणून साधं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा नायलॉन गळ्यात पडलं तर मात्र पडतो.

ओळखायला एक बादली पुरते. नखाएवढा तुकडा पाण्यात टाका आणि त्याला चिकटलेले बुडबुडे झटका. तरंगला तर तो पॉलिएथिलीन किंवा पीपी. बुडाला तर तो नायलॉन किंवा डेलरिन. मग पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि तोच तुकडा त्यात टाका. साधं नायलॉन आता वर येतं, डेलरिन तळाशीच राहतं. तुकडा जाळून वास घेण्याची पद्धत काही दुकानांत आहे. डेलरिनच्या बाबतीत ती सोडून द्या. त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि ज्योत उजेडात जवळजवळ दिसतही नाही. घरात लेझरने कापायचा मोहही त्याच कारणासाठी टाळावा. जिगसॉ आणि कानस यांत भागतं.

गैरसमज : माल चांगला निवडला की झालं.

वस्तुस्थिती : स्क्रूचं डोकं अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिलं, तरी कोणतीही प्लेट दगडाला अडकते. काउंटरसंक करून डोकी आत बसवा आणि पुढची-मागची कड तिरकी घासा. दर दोन-तीन फेऱ्यांनी गाडी उलटी करून पोटावरून बोट फिरवा.

गाढीच्या गोल धोंड्यांसाठी माझा कौल चार मिलिमीटर डेलरिनला आहे. खाणीकडच्या धारदार डबरासाठी सहा मिलिमीटर यूएचएमडब्ल्यू, आणि लिंक्स स्किडलाच असतील तर वर ॲल्युमिनियमचा पाठिंबा. कर्नाळ्याच्या पायथ्याचे दगड कितीही खुणावोत, ते पक्षी अभयारण्य आहे. तिकडे गाडी नेऊ नका. आणि पावसाळ्यात गाढीच्या पात्रात उतरू नका. डोंगरात पाऊस झाला की तिचं पाणी बघता बघता चढतं.