नामांकित खेळाडू मोजून वेतनमर्यादा कळत नाही

सिडनीच्या पश्चिमेस पॅरामॅटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड या परिसरात जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांच्या घरांतून आता क्रिकेटच्या जोडीने रग्बी लीगचीही चर्चा होऊ लागली आहे, आणि ज्या भूमीत आपण राहतो त्या भूमीच्या खेळाशी समरस होण्याची ही वृत्ती सर्वथा अभिनंदनीय आहे. परंतु या चर्चेत एक विधान इतक्या वारंवार आणि इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे अपरिहार्य झाले आहे. ते विधान असे: अमुक क्लबकडे इतके नामांकित खेळाडू आहेत, त्याअर्थी तो क्लब सॅलरी कॅप मोडत असलाच पाहिजे. पुरावा विचारला की खेळाडूंची नावे बोटांवर मोजून दाखवली जातात. नावांची यादी हाच पुरावा आणि तोच निकाल! असे बोलणाऱ्या गृहस्थांनी तो नियम एकदाही वाचलेला नसतो, हे त्यांच्या पुढच्या दोन वाक्यांतच स्पष्ट होते.

म्हणून प्रथम नियम काय आहे ते पाहू. ऑस्ट्रेलियात सॅलरी कॅप, म्हणजे क्लबने खेळाडूंना द्यावयाच्या एकूण वेतनाची कमाल मर्यादा, 1990 साली न्यू साउथ वेल्स रग्बी लीगने लागू केली, आणि 1998 पासून सुरू झालेल्या नॅशनल रग्बी लीगने, म्हणजे एनआरएलने, ती पुढे चालवली. क्लबच्या मुख्य तुकडीतील तीस खेळाडूंना त्या एका वर्षात मिळणाऱ्या वेतनाची बेरीज ठरलेल्या रकमेच्या आत राहिली पाहिजे, हा तिचा गाभा. ही रक्कम 2010 साली सुमारे 41 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती; 2023 पासून ती 1 कोटी 20 लाखांच्या पुढे गेली. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मर्यादा एकेका खेळाडूवर नसून तीस जणांच्या बेरजेवर आहे, आणि ती बेरीज खेळाडूच्या कीर्तीची नसून त्या वर्षीच्या देण्याची आहे. गैरसमजाची सारी इमारत या दोन गोष्टी विसरण्यावर उभी आहे.

आपल्या मराठी प्रेक्षकाची याबाबतीत विशेष फसगत का होते, याचेही कारण आहे. आयपीएल आणि प्रो कबड्डी यांच्या लिलावात प्रत्येक खेळाडूचा भाव सर्वांसमक्ष पुकारला जातो, प्रत्येक संघाने किती खर्च केला आणि गाठीशी किती शिल्लक उरली हे दूरदर्शन संचावर अंकांत दिसते, आणि घरबसल्या कोणासही तो हिशेब करता येतो. ती सवय घेऊन तो सिडनीच्या मैदानावर जातो. तेथे मात्र लिलाव नाही, पुकारलेला भाव नाही, आणि करारनाम्यांतील रकमा एनआरएल प्रसिद्ध करीत नाही. वृत्तपत्रांत जे आकडे येतात ते बहुधा वार्ताहरांचे आणि दलालांचे अंदाज असतात. या अंदाजांची बेरीज करून कोणी 'मर्यादा ओलांडली' असा निर्णय देऊ लागला, तर त्याची बेरीज कितीही शुद्ध असली तरी तिच्यातील पदेच अनिश्चित आहेत, हे त्याला नम्रपणे सांगणे भाग आहे.

आता उदाहरणादाखल साधा हिशेब करू. मर्यादा 1 कोटी 20 लाख धरली, तर तीस जणांची सरासरी चार लाख पडते. त्यांपैकी पंधरा जण नवखे किंवा राखीव असून त्यांना प्रत्येकी दीड लाख मिळतात असे मानले, तर त्यांच्यावर साडेबावीस लाख खर्च होतात आणि उरलेल्या पंधरा जणांसाठी साडेसत्त्याण्णव लाख, म्हणजे प्रत्येकी सरासरी साडेसहा लाख, शिल्लक राहतात. त्यांतल्या तिघांना दहा-दहा लाख दिले, तरी बाकीच्या बारा जणांना सरासरी साडेपाच लाखांहून अधिक देता येतात. मैदानावर एका वेळी तेराच खेळाडू उतरतात. सारांश, ज्यांची नावे प्रेक्षकाला पाठ आहेत असे दहा-बारा खेळाडू एका क्लबात असणे, हे अंकगणिताच्या दृष्टीने मुळीच अद्भुत नाही.

यावर काळाचा परिणाम जोडला पाहिजे, कारण करार बहुधा अनेक वर्षांचे असतात आणि खेळाडूचे मोल मात्र एका हंगामात बदलते. जो एकोणीस वर्षांचा तरुण अल्प वेतनाच्या तीन वर्षांच्या करारावर रुजू झाला आणि दुसऱ्याच वर्षी देशाकडून खेळू लागला, तो प्रेक्षकाच्या दृष्टीने नामांकित असतो, पण क्लबच्या जमाखर्चात तो अद्याप नवखाच असतो. याउलट, काही करारांत पहिल्या वर्षी थोडी आणि शेवटच्या वर्षी मोठी रक्कम लावलेली असते. त्यामुळे आज मर्यादेत सहज बसलेला संघ दोन वर्षांनी अडचणीत येतो. एखाद्या खेळाडूला दुसऱ्या क्लबकडे जाऊ देताना त्याच्या वेतनाचा काही भाग जुन्याच क्लबने सोसला, तर तो भाग जुन्या क्लबच्या मर्यादेत मोजला जातो, म्हणजे मैदानावर न दिसणारा खेळाडूसुद्धा बेरजेत असतो. दीर्घकाळ एकाच क्लबात राहिलेल्या खेळाडूंसाठी नियमात वजावटीची तरतूद आहे. हे सर्व उघड आणि मान्य आहे. यात लपवाछपवी काहीच नाही.

आणि ज्याला या नियमाचा खरा परिणाम पाहावयाचा आहे, त्याने क्लबात कोण आले यापेक्षा क्लबातून कोण गेले याची यादी करावी. पेनरिथ पँथर्सने 2021 ते 2024 अशी सलग चार अजिंक्यपदे मिळवली, आणि प्रत्येक वेळी संशयाचे तेच सूर निघाले. पण याच काळात मॅट बर्टन बुलडॉग्जकडे आणि कर्ट केपवेल ब्रिस्बेनकडे गेला. त्यानंतर विलियामे किकाऊ बुलडॉग्जकडे आणि आपी कोरोइसाऊ वेस्ट्स टायगर्सकडे. त्यानंतर स्टीफन क्रायटन बुलडॉग्जकडे आणि स्पेन्सर लेनिऊ सिडनी रूस्टर्सकडे. आणि चौथे अजिंक्यपद पदरात पडल्यावर जरोम लुआई टायगर्सकडे. विजयी संघातील खेळाडूंचे मोल वाढते, वाढलेले मोल सर्वांनाच देता येत नाही, आणि ज्याला देता येत नाही तो अन्यत्र जातो: वेतनमर्यादेने जे साधावयाचे होते ते याहून स्पष्ट कोठे दिसणार? पेनरिथ टिकून राहिले ते आपल्याच कनिष्ठ संघांतून सतत नवे खेळाडू घडवल्यामुळे. नेथन क्लिअरी, आयझा यो आणि डिलन एडवर्ड्स हे तिघेही त्याच वाटेने वर आले. 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवणाऱ्या सिडनी रूस्टर्सवर तर हा आरोप नित्याचाच असतो. कूपर क्रॉंक आणि जेम्स टेडेस्को यांचे आगमन प्रत्येकाच्या स्मरणात आहे. पण त्याच वेळी मिचेल पिअर्स आणि एडन गुएरा न्यूकासलला गेले, हे आरोप करणाऱ्यांच्या यादीत कधी आढळत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की भंग प्रत्यक्ष झालेले आहेत, मग संशय घेण्यात वावगे ते काय? भंग झालेले आहेत, हे निर्विवाद. म्हणूनच ते कसे उघडकीस आले, हे नीट पाहू. 2002 साली कँटरबरी बुलडॉग्ज गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'च्या वार्ताहरांनी दस्तऐवजांच्या आधारे त्यांचे जादा देणे प्रकाशात आणले. क्लबचे 37 गुण कापले गेले, पाच लाख डॉलर दंड झाला, आणि पहिला संघ शेवटचा झाला. 22 एप्रिल 2010 रोजी एनआरएलचे मुख्याधिकारी डेव्हिड गॅलप यांनी मेलबर्न स्टॉर्मचा निकाल जाहीर केला: लीगच्या दफ्तरी एक करारनामा आणि त्याखेरीज जादा रकमांची वेगळी पत्रे, असा दुहेरी व्यवहार तेथे वर्षानुवर्षे चालला होता. 2007 आणि 2009 ही दोन अजिंक्यपदे काढून घेण्यात आली, आणि त्या हंगामात स्टॉर्मला एकही गुण मिळणार नाही असे ठरले. पुढे डेलॉइटच्या लेखातपासणीत पाच वर्षांचा जादा खर्च 31 लाख डॉलरांहून अधिक निघाला. हिशेब मर्यादेत आणण्यासाठी त्यांना ग्रेग इंग्लिससारखा खेळाडू सोडावा लागला. तो साउथ सिडनीला गेला.

तिसरे उदाहरण मात्र 'नामांकित खेळाडू म्हणजे भंग' या समीकरणाचा पुरता निकाल लावणारे आहे, आणि ते पश्चिम सिडनीतील आपल्या मंडळींच्या घरच्याच क्लबचे आहे. पॅरामॅटा ईल्सने 2013 पासून मर्यादेचा भंग केल्याचे 2016 साली सिद्ध झाले. जादा रक्कम तीस लाख डॉलरांहून अधिक होती, 12 गुण गेले, दहा लाख डॉलर दंड झाला, आणि पाच पदाधिकाऱ्यांची नोंदणी रद्द झाली. आता या क्लबची मैदानावरील कामगिरी पाहा. 2013 साली ईल्स गुणतक्त्यात सर्वांत खाली होते, आणि 2014 व 2015 या दोन्ही वर्षी त्यांना बाद फेरी गाठता आली नाही. ज्या संघाकडे बोट दाखवावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते, तोच नियम मोडत होता. मैदानावरील वैभव आणि दफ्तरातील लबाडी यांचा अन्योन्य संबंध नाही, हे यापेक्षा अधिक ठसठशीतपणे कसे सांगावे?

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्रयस्थ करार, म्हणजे क्लबशी संबंध नसलेल्या व्यापारी संस्थेने खेळाडूशी जाहिरातीसाठी थेट केलेला करार, लीगकडे नोंदवल्यास आणि क्लबने तो जुळवून दिला नसल्यास मर्यादेत मोजला जात नाही. मोठ्या शहरांतील, धनिक पाठीराखे असलेल्या क्लबांच्या खेळाडूंना असे करार अधिक सुलभ असतात, आणि या असमतोलावर कठोर टीका करण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. ईल्सच्या प्रकरणातही या करारांत क्लबचाच हात असणे, हा एक मुख्य दोष होता. परंतु नियम सदोष आहे असे म्हणणे निराळे आणि अमुक क्लबने नियम मोडला असे म्हणणे निराळे. पहिल्यासाठी विचार पुरतो. दुसऱ्यासाठी कागद लागतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: रग्बी लीग म्हणजे मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात तीच रग्बी. वस्तुस्थिती: ती रग्बी युनियन. बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले, आणि त्यातून तेरा जणांची लीग जन्मास आली.

गैरसमज: खेळाडूंची वाटणी लीगच करते. वस्तुस्थिती: करार संपलेल्या खेळाडूंसाठी तशी योजना होती, पण टेरी हिल आदी खेळाडूंच्या दाव्यात फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1991 साली ती व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध ठरवून रद्द केली.

गैरसमज: खेळाडू दुसरीकडे गेला म्हणजे विकला गेला. वस्तुस्थिती: ऑस्ट्रेलियात बहुतेक खेळाडू करार संपल्यावर जातात, आणि कराराच्या अखेरच्या वर्षापूर्वी 1 नोव्हेंबरपासून इतर क्लबांशी बोलणी करण्याची त्यांना मुभा असते. क्लबाने क्लबाला मोठी किंमत मोजण्याची प्रथा मुख्यतः इंग्लंडची: मार्टिन ओफायासाठी विगनने 1992 साली 4,40,000 पौंड दिले, आणि स्टुअर्ट फील्डनसाठी 2006 साली 4,50,000.

गैरसमज: श्रीमंत क्लबलाच मर्यादेइतका खर्च झेपतो. वस्तुस्थिती: 2018 पासून लीग प्रत्येक क्लबला मर्यादेहून अधिक अनुदान देण्याचे धोरण पाळत आली आहे.

गैरसमज: इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे नियम एकच. वस्तुस्थिती: इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये 2016 पासून एखाद्या विशेष खेळाडूचे वेतन कितीही असले तरी मर्यादेत ठराविक रक्कमच मोजण्याची सवलत आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. ज्या तरुणाने धावण्या-झुंजण्यात आपले शरीर झिजवून नाव मिळवले, त्याच्या नावालाच अपराधाचा पुरावा ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि खऱ्या लबाडीचा शोध घेण्याचे काम तसे केल्याने एका पावलानेही पुढे सरकत नाही. ईल्सची तीन वर्षे हेच सांगतात. संशय असेल तर योग्य ती मागणी करा: प्रत्येक करारनाम्याची रक्कम आणि प्रत्येक त्रयस्थ करार लीगने दरवर्षी जाहीर करावा. ती मागणी न्याय्य आहे, ती मान्य होईपर्यंत लावून धरण्याजोगी आहे. आणि ती मान्य होत नाही तोवर, कागद हाती नसताना कोणत्याही क्लबला चोर म्हणू नये.