यंत्राचे मौन : लिनक्सच्या प्रतिष्ठापनेतील वाणीचा प्रश्न

दृष्टिहीन व्यक्ती आपल्या संगणकावर लिनक्स स्वतः बसवू लागते तेव्हा तिच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. प्रतिष्ठापनेचे सारे प्रश्न पडद्यावर उमटतात. ते वाचून दाखविणारी वाणी ध्वनियंत्रणेवर विसंबून असते. आणि ध्वनियंत्रणाच बिघडली तर त्या बिघाडाची वार्ताही पडद्यावरच प्रकट होते. डोळस मनुष्यास आवाज न येणे ही केवळ गैरसोय होय. येथे मात्र सारे कार्यच खुंटते.

डेबियन या वितरणाचे उदाहरण घ्यावे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीपासून, ब्रेल उपकरण जवळ नसतानाही, संश्लेषित वाणीच्या साह्याने प्रतिष्ठापना करता येऊ लागली. आरंभीची यादी सिद्ध झाली की यंत्र बीप असा आवाज करते. मग ‘एस’ व त्यामागोमाग ‘एंटर’ ही कळ दाबावयाची. तेथून पुढे कर्नलमधील स्पीकअप हा वाचक पडद्यावरील अक्षरे टिपतो, ई-स्पीक त्यांचे उच्चार घडवितो, ईस्पीकअप हा या दोहोंस जोडतो आणि आल्सा ही यंत्रणा तो ध्वनी साउंड कार्डाकडे पोचविते. यांपैकी कोणतीही कडी निखळली तरी कानास जाणवणारा परिणाम एकच. निदानाची खरी अडचण हीच.

आरंभीचा बीपही पुष्कळदा फसवा ठरतो. तो साउंड कार्डातून येत नसून संगणकातील साध्या स्पीकरातून येतो. म्हणून तो ऐकू आला तरी कार्ड ठीक असल्याचे सिद्ध होत नाही. आणि अनेक लॅपटॉपांत असा स्पीकरच नसल्याने, न ऐकू आल्यास यंत्र सुरू झाले नाही असेही म्हणता येत नाही.

कार्डे एकाहून अधिक असल्यास, विशेषतः एचडीएमआयचे कार्ड वेगळे असल्यास, प्रतिष्ठापक एकेका कार्डावर बोलून पाहतो. आवाज ऐकू येताच एंटर दाबावी. अवेळी दाबल्यास वाणी स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे निघून जाते. मिक्सरमधील वाहिनी बंद असणे हे कारण त्यामानाने किरकोळ.

सर्वांत बिकट कारण फर्मवेअरचे. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपांतील ध्वनिप्रक्रियक बाहेरून फर्मवेअर चढविल्यावाचून मुकाच राहतो. मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत प्रतिमांत न ठेवण्याचे डेबियनचे धोरण होते. तत्त्व म्हणून ते आदरणीय खरे. परंतु त्याची किंमत ज्यांस प्रारंभीच अडावे लागे, त्यांस हा वाद निव्वळ तात्त्विक कसा वाटावा? २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदानाने ही बंदी उठविली, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर प्रतिमेतच येऊ लागले.

जुनी प्रतिमा वापरणे भागच असल्यास यूएसबीचे साधे साउंड कार्ड जोडून पाहावे. बहुतेक अशा कार्डांस वेगळे फर्मवेअर लागत नाही. कर्नलमधील सर्वसाधारण चालकावरच ती बोलू लागतात.