इतके निबंध तपासणार कोण?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात पावसाळी संध्याकाळ. मोबाइलवर रेंजची एकच दांडी. तरीही चेन्नईच्या आयआयटीतले प्राध्यापक समाजशास्त्र समजावून सांगताहेत आणि त्यांचं वाक्य मधेच तुटत नाही. चित्र तेवढं धूसर होतं, पुन्हा स्वच्छ होतं. हे जमतं कसं?

गंमत अशी की व्हिडिओ अख्खा येतच नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन-चार प्रती तयार असतात. एक सुबक पण जड, एक मध्यम, एक धूसर पण हलकी. मागचा तुकडा यायला किती वेळ लागला हे तुमचा मोबाइल बघतो आणि त्यावरून पुढची प्रत मागवतो. चूल मंदावली की भाकरी लहान थापायची, पण पंगत थांबू द्यायची नाही! शिवाय इतिहासाला किंवा तत्त्वज्ञानाला पुष्कळदा चित्र लागतच नाही, नुसते कान पुरतात. सेकंदाला 64 किलोबिट या हिशेबाने तासाभराचं व्याख्यान 29 एमबीतच आटोपतं.

बरं, पोचलं. पण फुकट का?

2001 साली अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आम्ही आमचे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोकळे ठेवणार. आधी तिथेही विकण्याचाच विचार चालला होता. मग ठरलं, वाटूनच टाकू. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2003 मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केलं. सुरुवात इंजिनिअरिंगपासून झाली, समाजशास्त्र-साहित्य मागून आलं. जुलै 2017 मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं.

पण मला जास्त नवल वाटतं ते परवानगीचं. एनपीटेलच्या धड्यांवरची अट साधी आहे: आमचं नाव द्या आणि पुढे देताना याच अटीवर द्या. म्हणजे राजुऱ्यातल्या एखाद्या शिक्षिकेने तो धडा मराठीत उतरवून वर्गात वापरला, तर ती चोरी नव्हे. शेजारीण विरजण मागायला आली की आपण देतो, आपलं दही काही कमी होत नाही, आणि उद्या तिच्याकडूनही कुणी नेतं. फक्त हे विरजण कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेलं आहे.

आता खरी पंचाईत. गणिताचं उत्तर संगणक तपासेल. निबंधाचं काय?

2012 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल फिलराइस यांनी आधुनिक अमेरिकन कवितेचा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी खुला केला. नावं नोंदवणारे तीस हजारांच्या वर! एवढ्यांच्या वह्या कोण तपासणार? ज्यांनी लिहिलं, त्यांनीच. तुम्ही इतरांचे निबंध वाचायचे, इतरांनी तुमचा.

तुम्ही म्हणाल, एखादा खडूस भेटला तर? अशा तपासणीत एक जुनी, साधी युक्ती कामी येते. समजा, पाच जणांनी दहापैकी गुण दिले: 7, 6, 7, 1, 8. सरासरी काढली तर 5.8, त्या एका खडूसाने सगळ्यांचं मत खाली ओढलं. आता हेच गुण चढत्या क्रमाने मांडा आणि मधला उचला: 7. त्याने 1 ऐवजी शून्य दिलं असतं तरी 7 च! भांडकुदळ पंच आपोआप काठावर बसतो. आणि खरा फायदा वेगळाच. दुसऱ्याचे चार निबंध वाचल्यावर स्वतःचा कुठे फसला, हे लाल शाईशिवाय कळतं.

एनपीटेलवर मात्र निबंधाऐवजी बहुतेक वेळा बहुपर्यायी प्रश्न असतात. आठवड्याच्या गृहपाठाला 25 गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. समाजशास्त्र ‘अ, ब, क, ड’मध्ये कोंबणं मला पटत नाही. तरी नियमित ऐकण्याची शिस्त लागते, तेवढं मान्य.

राजुऱ्याने यातलं काय ऐकावं? मी मानववंशशास्त्र म्हणेन, आणि त्यामागे एक विलक्षण हकीकत आहे. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन अभ्यासक भारतात होता. ऑस्ट्रिया हिटलरने गिळलेला, म्हणून इंग्रजांच्या लेखी हा शत्रुराष्ट्राचा नागरिक. त्याला हैदराबाद संस्थानाबाहेर जायची बंदी झाली. बसून काय करणार? तो आदिलाबादच्या राजगोंड आदिवासींमध्ये जाऊन राहिला, आणि त्यातून त्यांच्यावरचा मोठा ग्रंथ जन्मला, 1948 साली. त्या काळी राजुरा याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं! 1956 मध्ये ते नांदेडला जोडलं गेलं आणि 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला.

पुढे हा माणूस लंडनला प्राध्यापक झाला. त्याच्या हाताखाली शिकलेले अ‍ॅलन मॅकफार्लेन केंब्रिजला गेले आणि त्यांनी आपली व्याख्यानं, मानववंशशास्त्रज्ञांच्या घेतलेल्या मुलाखती इंटरनेटवर फुकट ठेवल्या. हायमेनडॉर्फने काढलेले फोटोही लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेने असेच खुले केलेत. राजुऱ्याजवळच्या माणिकगडाच्या डोंगरापलीकडून निघालेलं ज्ञान लंडन-केंब्रिज फिरून त्याच डोंगराच्या पायथ्याशी, खिशातल्या मोबाइलवर येऊन थांबलंय. नातवाने आजोबांच्या पिढीचे फोटो बघावेत, तेही परदेशी ग्रंथालयाच्या कपाटातले!

एनपीटेलच्या व्याख्यानांचे लिखित अनुवाद मराठीत होतात, तेलुगूतही होतात. ज्या भाषेतल्या आठवणी हायमेनडॉर्फने वहीत उतरवल्या, ती गोंडी त्या यादीत नाही.

‘स्वयम्’ची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. तेव्हा पहिल्या आठवड्याचं व्याख्यान ऐकून तर बघा. आणि घरात गोंडी येणारं कुणी असेल, तर त्यांनाही शेजारी बसवा.